पहिला डाइव्ह कॉम्प्युटर घेताना



कोळवणसारख्या डोंगरातल्या गावात समुद्राचा धडा कशाला, असं वाटेल. पण माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील परवा भेटले. "सर, पोरानं तारकर्लीला स्कूबाचा कोर्स केला. आता डाइव्ह कॉम्प्युटर मागतोय. कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी तो काय मोजतो ते बघू.

तो काय मोजतो?

पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, तर २० मीटरवर ३. दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईनं आलं तर गोटीसोडा फोडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात होतात. सांधे दुखतात, कधी लकवाही मारतो.

जे. एस. हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये यावर तक्ते प्रसिद्ध केले. आज हौशी पाणबुड्यांच्या एका प्रचलित तक्त्यात १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. कॉम्प्युटर हाच हिशोब पाण्यात सतत करतो आणि उरलेली मिनिटं दाखवतो. मात्र तो रक्तात डोकावत नाही, फक्त खोली आणि वेळेवरून गणित मांडतो. म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत थांबायचं नाही.

निवडताना काय बघावं?

१. आकडे मोठे हवेत. खोली, वेळ आणि उरलेली मिनिटं एका नजरेत कळली पाहिजेत.
२. वेगानं वर येताना इशारा देणारा हवा. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं.
३. बॅटरी कशी बदलायची किंवा चार्ज करायची, ते दुकानातच विचारा.
४. ऑक्सिजन जास्त असलेल्या मिश्रणाची सोय असावी. पुढे उपयोगी पडते.
५. सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारं महागडं मॉडेल पहिल्यांदा लागत नाही. त्यासाठी साधा गेज असतोच.

कॉम्प्युटर ज्याचा त्यानं वापरायचा. दोघांत एक चालत नाही, कारण दोघांची खोली सारखी नसते. आणि मालवणला पर्यटक म्हणून प्रशिक्षकाचा हात धरून एकदाच उतरणार असाल, तर खरेदी करूच नका.

घाटाचा हिशोब

आपल्यासाठी महत्त्वाचं इथे आहे. तारकर्लीहून ताम्हिणीनं या, नाहीतर कोल्हापूरमार्गे, घाट चढावाच लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे पुन्हा तीच सोड्याची बाटली. अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायला सांगतात. घाटालाही तोच नियम लावलेला बरा. दुपारी १२ला पाण्याबाहेर आलात तर सकाळी ६च्या आधी निघायचं नाही. त्या रात्री मुक्काम मालवणातच. कॉम्प्युटरवर विमानासाठीची वेळ दिसते, पण गाडीला तो अडवत नाही. ते काम आपलं.

वर्गातली कृती

मुलांना १०, १८ आणि ३० मीटरवरचा दाब काढायला सांगा. मग विचारा : खोली दुप्पटही झाली नाही, तरी वेळ जवळपास एक तृतीयांश का झाला?

वडिलांना मी शेवटी एवढंच सांगितलं, की हा प्रश्न पोराला घाला. उत्तर आलं की कॉम्प्युटर घ्या.