मोरावळा

कार्तिकात आपण आवळीभोजन करतो. झाडाखाली पंगत बसते. पंगत उठली, की त्या झाडाला आपण विसरतो. पुढे महिना-दोन महिने आवळे गळतात आणि मातीत सडतात. उन्हाळ्यात मात्र पोरांच्या तोंडी फळ पडत नाही. यात नुकसान कोणाचे? आपलेच.

आवळ्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते. मोठ्या माणसाला ते रोज सुमारे 80 मिलिग्रॅम लागते. 100 ग्रॅम ताज्या आवळ्यांत ते सुमारे 250 मिलिग्रॅम मिळते. म्हणजे एक मोठा आवळा खाल्ला, की दिवसाची गरज भागली!

हे जीवनसत्त्व फार दिवस मिळाले नाही, तर हिरड्या सुजतात. त्यांतून रक्त येते. दात हलतात. जखम लवकर भरत नाही. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. 1939-40 साली पंजाबातल्या हिस्सार भागात दुष्काळ होता. (हिस्सार आता हरियाणात आहे.) तिथे हा रोग पसरला. तेव्हा आवळा देऊन रोगी बरे केले.

आवळा उन्हाळ्यापर्यंत टिकवायचा कसा? त्याचा मोरावळा करावा.

एक किलो आवळे धुवावेत. काट्याने टोचावेत. दहा मिनिटे वाफवून फडक्यावर कोरडे करावेत. एक किलो साखरेचा पाक करावा. त्यात आवळे मंद आचेवर शिजवावेत. पाक मधासारखा दाट झाला, की उतरवावे. गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरावे. भांडे स्टीलचे घ्यावे. बिनकल्हईचे तांब्या-पितळेचे भांडे घेऊ नये. आंबटाने ते कळकते.

साखर कमी करू नका, बरं का! साखरेमुळेच मोरावळा टिकतो. ओला चमचा घातला, तर बुरशी येते. बुरशी आलेला मोरावळा खाऊ नये.

शिजवताना जीवनसत्त्व कमी होते. म्हणून हंगामात कच्चा आवळा खावा आणि हंगाम सरला, की मोरावळा. तो जेवणासोबत खावा. भाकरी आणि पालेभाजीतले लोह त्यामुळे अंगी लागते. पण गरोदर बाईने डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. मोरावळा गोळ्यांची जागा घेत नाही. मधुमेह असेल, त्याने मोरावळा टाळावा. त्याला कच्चा आवळा बरा.

लक्षात ठेवा : झाडाखाली सडतो तो कचरा. बरणीत भरला, तर पोरांचा उन्हाळ्याचा मेवा.