द्राख्मा, ड्राम आणि कर्ष : ग्रीक नाणेमानाच्या परिवर्तनाची रीत

मानपरिभाषा हा भैषज्यकल्पनेचा पहिला पाठ होय. पदवी अभ्यासक्रमात तो आपण सर्वांनी मुखोद्गत केला आणि परीक्षेनंतर बहुतेकांनी बाजूला ठेवला. आम्हीही त्यांतलेच. तो पाठ पुन्हा उघडावयास आम्हांला एका प्रसंगाने भाग पाडले.

काही वर्षांपूर्वी एका परिचित औषधशाळेत जुन्या हस्तलिखित वहीवरून एक योग सिद्ध होत होता. वहीतील पिंपळी ५ तोळे होती. शुद्ध कुचल्यापुढे मात्र ‘६० ग्रे.’ असे लिहिलेले होते. मदतनिसाने ते ‘६० ग्रॅ.’ असे वाचले आणि यादी तपासताना आम्हीही त्यास संमती दिली. मिश्रण करण्यापूर्वी कुचल्याचे चूर्ण पिंपळीच्या चूर्णाएवढेच दिसले, तेव्हा आम्हांस शंका आली. ग्रेनचे ग्रॅम झाले होते. ३.८९ ग्रॅमच्या जागी ६० ग्रॅम, म्हणजे पंधरा पटींहून अधिक कुचला त्या योगात पडणार होता. अनर्थ टळला, तरी दोष आमचाच होता.

६० ग्रेन म्हणजे १ ड्राम. हा ड्राम मूळचा ग्रीक नाण्याचा, म्हणजे द्राख्म्याचा वंशज आहे. म्हणून त्या मूळ मानाचा आणि त्याच्या परिवर्तनाचा विचार येथे मांडीत आहोत.

नाणे हेच वजन

प्राचीन ग्रीसमध्ये नाणे आणि वजन यांस एकच नाव होते. ‘ओबोल’ या शब्दाचे मूळ लोखंडी सळईच्या नावात आहे आणि ‘द्राख्मा’ म्हणजे मूठभर. सहा सळया एका मुठीत मावत, म्हणून ६ ओबोलांचा १ द्राख्मा. आपल्याकडेही कर्ष या वजनावरून ‘कार्षापण’ हे नाण्याचे नाव आले, हे येथे स्मरावे.

अथेन्सचे मान पुढीलप्रमाणे होते :

८ खाल्कस = १ ओबोल (सुमारे ०.७२ ग्रॅम)
६ ओबोल = १ द्राख्मा (सुमारे ४.३ ग्रॅम)
१०० द्राख्मा = १ म्ना (सुमारे ४३० ग्रॅम)
६० म्ना = १ तालान्तन (सुमारे २५.८ किलोग्रॅम)

यांपैकी म्ना आणि तालान्तन ही केवळ वजने व हिशेबाची माने होती. तेवढी नाणी पाडली जात नसत.

द्राख्मा एक नव्हे

शार्ङ्गधराने मागध आणि कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. ग्रीक जगातही नगरागणिक मान वेगळे होते. एजिना बेटाचा द्राख्मा सुमारे ६.१ ग्रॅमचा, तर कोरिंथचा सुमारे २.९ ग्रॅमचा होता.

वैद्यकाच्या दृष्टीने रोमन काळातील बदल अधिक महत्त्वाचा आहे. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने रोमन दिनाराचे वजन घटवून ते रोमन रत्तलाच्या ९६ व्या भागाएवढे केले. द्राख्मा आणि दिनार वैद्यकात समान धरले जात. त्यामुळे रोमन काळातील औषधी द्राख्मा सुमारे ३.४१ ग्रॅमचा होतो. त्याचे ३ ग्राम्मा, ६ ओबोल किंवा १८ केरातियोन होतात. केरातियोन म्हणजे कॅरोबच्या शेंगेतील बी. आपली गुंजा तशीच त्यांची ही बी. आजच्या सोनाराचा ‘कॅरट’ तिच्यापासून आला. ‘ग्राम्मा’ हे नाव १७९५ मध्ये फ्रान्सने नव्या दशमान एककास दिले आणि तोच आपला ग्रॅम होय.

डायोस्कोरिडीसचा द्रव्यगुणविषयक ग्रंथ पहिल्या शतकातील, तर गेलेन दुसऱ्या शतकातील. त्यांच्या ग्रंथांतील द्राख्म्यास अथेन्सच्या जुन्या नाण्याचे वजन लावल्यास मात्रा सव्वापटीने वाढते.

परिवर्तनाची रीत

१. प्रथम कोणत्या देशाचा आणि काळाचा द्राख्मा अभिप्रेत आहे, ते ठरवावे.
२. ग्रॅमसंख्येस द्राख्म्याच्या वजनाने भागावे. पूर्णांक तेवढे द्राख्मा.
३. उरलेल्या ग्रॅमना ओबोलच्या वजनाने भागावे.
४. शेष खाल्कसमध्ये मांडावा.
५. उलट गुणाकार करून पडताळा घ्यावा.

उदाहरणार्थ, भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहानुसार १ कर्ष = १२ ग्रॅम घेऊ. अथेन्सच्या मानाने २ द्राख्म्यांचे ८.६ ग्रॅम वजा जाता ३.४ ग्रॅम उरतात. त्यांत ४ ओबोल बसतात आणि शेष सुमारे ६ खाल्कस. रोमन काळच्या मानाने ओबोल ०.५६८ ग्रॅमचा व खाल्कस ०.०७१ ग्रॅमचा येतो. तेथे ३ द्राख्म्यांचे १०.२३ ग्रॅम जाऊन १.७७ ग्रॅम उरतात. म्हणजे ३ ओबोल आणि सुमारे १ खाल्कस. कर्ष एकच, उत्तरे मात्र दोन.

उलट बाजूने पाहू. ग्रंथात ‘३ द्राख्मा’ असल्यास अथेन्सच्या मानाने १२.९ ग्रॅम, रोमन काळच्या मानाने १०.२३ ग्रॅम. इंग्रजी औषधी मानाचे ३ ड्राम म्हणजे १८० ग्रेन, अर्थात ११.६६४ ग्रॅम, हाच ब्रिटिश अमलातील १ तोळा. सुंठीच्या योगात हा भेद खपून जाईल, परंतु विषद्रव्याच्या योगात खपणार नाही.

आपल्या भूमीतील द्रम्म

हे मान आपल्यास सर्वस्वी परके नाही. मिनँडरसारख्या हिंद-ग्रीक राजांनी भारतीय प्रदेशासाठी द्राख्मा सुमारे २.४५ ग्रॅमचा केला. त्याच धाटणीची नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडली. त्यांपैकी बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) १६ पणांचा १ द्रम्म सांगितला आहे. आपल्या तोंडातला ‘दाम’ हा त्याच द्रम्माचा अवशेष होय. हकिमांचा ‘दिरम’ही द्राख्म्यापासूनच आला. नाव एकच राहिले, वजन मात्र स्थलकालानुसार पालटत गेले. म्हणून नावावरून वजन गृहीत धरणे हीच मूळ चूक ठरते.

औषधशाळेसाठी सूचना

जुनी वही वापरणाऱ्या औषधशाळाचालकांनी पुढील पथ्य पाळावे, अशी आमची विनंती आहे. वहीतील ग्रेन, ड्राम, तोळा, मासा या मानांचे कोष्टक ग्रॅममध्ये करून वजनकाट्याजवळ लावावे. ‘ग्रे.’, ‘ग्रॅ.’, ‘ड्रा.’ ही संक्षिप्त रूपे वर्ज्य करून शब्द पूर्ण लिहावा. ग्रंथातील मूळ मान खोडू नये. त्याच्या शेजारी ग्रॅम आणि कोणत्या प्रमाणाने परिवर्तन केले ते लिहावे. विषोपविषांचे परिवर्तन दोन जणांनी स्वतंत्रपणे करून मगच ताडून पाहावे. एकाने केलेल्या हिशेबावर दुसऱ्याने नुसती नजर फिरविणे हा पडताळा नव्हे. आमची चूक नेमकी तेथेच झाली होती.