प्रिंटरची शाई : पुन्हा भरावी की नवी घ्यावी?

दौत-टाकाच्या काळात शाई संपली की पुडी पाण्यात विरघळवून दौत पुन्हा भरली जाई. शाई संपली म्हणून दौतच फेकून द्यावी, असा विचार त्या काळी कोणाच्या मनात आला नसता. आज शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था आणि सेवा केंद्रे येथे प्रिंटर पोहोचला आहे. शाई संपताच तिचे पात्र, म्हणजे कार्ट्रिज, बदलावे अशी रीतही त्याच्यासोबत आली आहे. पुष्कळदा यंत्र स्वस्तात मिळते आणि त्याची शाई मात्र वर्षानुवर्षे महाग पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशीच ही स्थिती होय. साहजिकच कार्ट्रिज पुन्हा भरून घेण्याकडे लोकांचा कल असतो. हा कल योग्य आहे काय, याचा विचार नीट माहितीच्या आधारे होणे इष्ट ठरेल.

यंत्राची ओळख

प्रिंटर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. इंकजेट प्रिंटर द्रवरूप शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फेकतो. काही बनावटींत उष्णतेने शाईचा बुडबुडा निर्माण करून थेंब बाहेर ढकलला जातो, तर काहींत विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाकडून हे काम करून घेतले जाते. शाई फेकणारी छिद्रे केसाहूनही बारीक असतात. ही छिद्रे काही यंत्रांत कार्ट्रिजवरच असतात, तर काहींत यंत्रातच कायमची बसविलेली असतात. हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात निकृष्ट शाईने नुकसान झाले तर ते बव्हंशी कार्ट्रिजपुरते राहते. दुसऱ्यात यंत्रच निकामी होण्याचा संभव असतो.

लेसर प्रिंटरमध्ये शाई नसून टोनर नावाची बारीक भुकटी असते. प्रकाशसंवेदी ड्रमवर ती अक्षरांच्या आकारात चिकटते, कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते. कार्यालयांत परिचित असलेल्या एचपी १२ए सारख्या कार्ट्रिजमध्ये भुकटी, ड्रम, तो पुसणारी पट्टी आणि वाया गेलेल्या भुकटीचा कप्पा हे सर्व एकत्रच असते. म्हणून अशा कार्ट्रिजमध्ये केवळ भुकटी भरणे म्हणजे अर्धेच काम होय. कप्पा रिकामा केला नाही तर पानावर काळे डाग पडतात. ड्रमला चरा गेला असेल तर तोच डाग ठरावीक अंतराने पुन:पुन्हा उमटतो.

हिशेब पानाचा करावा

कार्ट्रिजच्या किमतीवरून स्वस्त-महाग ठरविणे ही सर्वसाधारण चूक आहे. हिशेब स्वच्छ छापलेल्या पानाचा करावयास हवा. उदाहरणादाखल असे समजू, की नवे टोनर कार्ट्रिज ४,००० रुपयांना मिळते आणि त्यातून २,००० पाने निघतात. म्हणजे पानाला २ रुपये खर्च आला. तेच कार्ट्रिज ४०० रुपयांत भरून घेतले, १,६०० पाने निघाली आणि त्यांपैकी २०० खराब झाली. वाया गेलेल्या कागदाचे १०० रुपये धरले तरी १,४०० चांगल्या पानांना ५०० रुपये, म्हणजे पानाला सुमारे ३६ पैसे पडतात. किमती गावोगावी भिन्न असतील. परंतु हिशेबाची रीत हीच राहील. टोनरच्या बाबतीत पुनर्भरणाचे पारडे जड आहे, हे यावरून दिसून येईल.

वेष्टनावरील पानांची संख्या प्रमाणित रोमन लिपीतील नमुना पानांवरून काढलेली असते. शिरोरेषा असलेल्या आपल्या मजकुराला, विशेषतः ठळक टंकाला, तितकीच पाने मिळतील असे गृहीत धरू नये.

पैशापलीकडचा प्रश्न

तथापि सर्वच कागद सारखे नसतात. एका जुलै महिन्यात प्रस्तुत लेखक एका तालुक्याच्या गावी गेला असता एक शेतमजूर आपल्या मुलीचा शाळेचा दाखला घेऊन आला होता. वाटेत पावसाचे चार थेंब कागदावर पडले आणि जन्मतारखेच्या जागी निळसर डाग तेवढा उरला. नवा दाखला आणण्यासाठी त्याला पुन्हा एसटीने जावे लागले व एका दिवसाची मजुरी बुडाली. दाखला छापणाऱ्या कार्ट्रिजमध्ये मिळेल ती शाई भरलेली होती, असे चौकशीअंती समजले. दोष पुनर्भरणाचा नव्हता, शाईच्या निवडीचा होता.

इंकजेटची शाई दोन जातींची असते. पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई चकचकीत दिसते, पण ओलाव्याने पसरते आणि उन्हाने फिकी पडते. रंगकणांची शाई, जिला पिगमेंट म्हणतात, कागदावर टिकून राहते. पिगमेंटच्या जागी दुसरी शाई भरली तर दाखला टिकत नाही. दोन्ही एकत्र झाल्या तर साका बसून छिद्रे बुजण्याची भीती असते. सबब जन्म-मृत्यूचे दाखले, ठराव आणि जतन करावयाच्या नोंदी लेसरवर अथवा पिगमेंट शाईनेच छापाव्यात. सूचनापत्रे, कच्च्या प्रती आणि सरावपत्रिका यांना पुन्हा भरलेली साधी शाई पुरेशी आहे.

उत्पादकांचा बदललेला मार्ग

या प्रश्नाला आता तिसरे उत्तरही आहे. एप्सन कंपनीने २०१० साली इंडोनेशियात बाटलीतून शाई ओतण्याची टाकी असलेला प्रिंटर बाजारात आणला. पुढे इतर कंपन्यांनीही हा मार्ग अवलंबिला. यंत्र घेताना किंमत अधिक मोजावी लागते, पण पानामागचा खर्च बराच घटतो. नित्य छपाई असलेल्या संस्थेने नवे यंत्र घेताना याचा अवश्य विचार करावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली लेक्समार्क प्रकरणात असा निर्णय दिला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजच्या पुनर्वापरास पेटंटच्या आधारे उत्पादकाला हरकत घेता येत नाही. पुन्हा भरलेले कार्ट्रिज नव्या वेष्टनात नवे म्हणून विकणे मात्र फसवणूक होय. वेष्टन आणि पक्के बिल पाहूनच खरेदी करावी.

काही व्यावहारिक सूचना

इंकजेट कार्ट्रिज पूर्ण कोरडे होण्यापूर्वीच भरून घ्यावे. उष्णतेवर चालणाऱ्या बनावटीत शाईच तापणाऱ्या भागाला थंड ठेवते; कोरडी छपाई त्याला घातक ठरते. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापावे, म्हणजे छिद्रे बुजत नाहीत. शिरोरेषा तुटक दिसू लागली की सफाई करावी. सफाईनंतरही ती जुळत नसेल तर कार्ट्रिज बदलावे. टोनर भरणाऱ्याकडून कप्पा रिकामा करून घ्यावा आणि ड्रमची तपासणी करून घ्यावी. भुकटी सांडल्यास गरम पाणी वापरू नये, थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी.

निकामी कार्ट्रिज कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश आहे. ती अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी.

काटकसर हा सार्वजनिक कामकाजाचा सद्गुण आहे. परंतु नागरिकाच्या हाती दिलेला कागद पहिल्या पावसात पुसला गेला, तर वाचलेला पैसा त्याच्याच खिशातून गेला असे म्हणावे लागेल. कार्ट्रिज जरूर भरावे. पण भरण्यापूर्वी त्यातून छापला जाणारा कागद किती वर्षे टिकावयाचा आहे, हे अवश्य पाहावे.