काचेचा चुरा, चहाची गाळणी आणि मसाल्याचा डबा : मण्यांच्या कामात जुगाड कुठे करायचा, कुठे नाही



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण काचेच्या मण्यांवर चुरा कसा लावतात ते पाहिलं. या चुऱ्याला या धंद्यात ‘फ्रिट’ म्हणतात. ज्योतीवर काचेची कांडी वितळवायची, ती स्टीलच्या बारीक सळईवर गुंडाळायची आणि गरम मणी रंगीत चुऱ्यात लोळवायचा. चुरा चिकटतो, पुन्हा ज्योतीत धरला की वितळतो आणि मण्यावर ठिपके, ढग, दगडासारखी नक्षी उमटते. नवशिक्याचा मणीसुद्धा यामुळे विकण्यासारखा दिसतो.

व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, “ताई, एवढी हत्यारं कुठून आणायची?” खरं सांगू? निम्मी हत्यारं तुमच्या स्वयंपाकघरात आहेत. पण उरलेली निम्मी विकतच घ्यायची आहेत, आणि तिथे काटकसर केली तर धंदा आणि तब्येत दोन्ही गोत्यात येतात. आजचा धडा याच फरकाचा.

आधी घानातून एक उदाहरण

पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. त्याच्या पूर्वेकडच्या ओडुमासे क्रोबो भागात पिढ्यानपिढ्या काचेच्या भुकटीपासून मणी बनवतात. कच्चा माल म्हणजे रिकाम्या बाटल्या. त्या धातूच्या मोठ्या उखळीत कुटतात, चाळतात आणि ती भुकटी मातीच्या साच्यांत भरतात. साच्याच्या प्रत्येक खळग्यात मधोमध कसाव्याच्या पानाच्या देठाचा तुकडा उभा करतात. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तेच हे झाड. भट्टीत काच वितळून जुळते, देठ जळून जातो आणि मण्याला भोक तयार! काच साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आतून पांढऱ्या चिनी मातीचा हात दिलेला असतो. भट्टी वारुळाच्या मातीची. शेवटी मणी दगडावर वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करतात. कोफोरिडुआ या शहरात दर गुरुवारी मण्यांचा मोठा बाजार भरतो आणि तिथे हा माल विकला जातो.

आता यातला धंद्याचा धडा बघा. देठ स्वस्त आहे म्हणून वापरलेला नाही. भट्टीत उभा राहील आणि काम झालं की जळून जाईल, अशी वस्तू हवी होती. देठ ते काम चोख करतो. तुम्हीही कुठलीही वस्तू उचलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा :

1. हिला उष्णता लागणार आहे का?
2. हिच्यामुळे धूळ उडणार आहे का?
3. हिच्यात दोन वेगळ्या काचा मिसळू शकतात का?

तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर बिनधास्त जुगाड करा. एक जरी ‘हो’ आलं तर थांबा आणि विचार करा.

चुरा घरी बनवताना

*पहिली पायरी, काच तडकवणं.* कांडीचं टोक ज्योतीवर लालभडक करा आणि थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पातेल्यात बुडवा. काच आतून तडकते आणि मग सहज कुटली जाते. पातेलं स्टीलचंच हवं. प्लास्टिकचा टब किंवा काचेचा बाऊल अजिबात नको. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण तुकडे उडतात.

*दुसरी पायरी, कुटणं.* इथे आपला लोखंडी खलबत्ता एक नंबर. कुटताना खलबत्त्याचेही कण चुऱ्यात पडतात आणि मण्यावर काळे डाग येतात. लोखंडाचे कण लोहचुंबकाने निघतात. पितळी खलबत्त्याचे निघत नाहीत, दगडी खलबत्त्याची कचही निघत नाही. म्हणून लोखंडीच घ्या. काच ओलसर असतानाच कुटा, म्हणजे धूळ कमी उडते. तोंडावर जुन्या जीन्सचा तुकडा बांधा आणि बत्त्यापुरतं भोक ठेवा. काम झालं की खलबत्ता लगेच पुसून कोरडा करा, नाहीतर पुढच्या वेळी गंज चुऱ्यात उतरेल.

*तिसरी पायरी, चाळणं.* चहाची गाळणी, रव्याची चाळण, मैद्याची चाळण अशा तीन जाळ्या घेतल्या की तीन प्रती मिळतात. मी त्यांना जाडा रवा, बारीक रवा आणि मैदाच म्हणते. जाडा रवा ठसठशीत ठिपक्यांना, बारीक रवा ढगाळ रंगाला. मैदा नवशिक्यांनी बाजूलाच ठेवावा, तो हवेत सगळ्यात जास्त उडतो. चाळताना गाळणी पाण्याच्या घमेल्यात बुडवून हलवा. कोरडं चाळू नका. तळाशी बसलेला गाळ सिंकमध्ये ओतायचा नाही. रात्रभर ठेवा, वरचं पाणी हळूच काढा, गाळ कागदात बांधून त्यावर ‘काच’ लिहा आणि मग टाका.

*चौथी पायरी, वाळवणं.* स्टीलच्या ताटात पसरून उन्हात ठेवा. चुरा पूर्ण कोरडा हवा. ओल राहिली तर तो ज्योतीत तडतडतो आणि मण्यात बुडबुडे धरतात.

*पाचवी पायरी, लोहचुंबक.* जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चुऱ्यातून फिरवा. कण पिशवीला चिकटतात. मग बाजूला जाऊन पिशवीतून चुंबक काढलं की कण खाली पडतात. पिशवीशिवाय फिरवलंत तर ते चुंबक साफ करत बसावं लागेल.

टेबलावर काय ठेवायचं

ज्योतीजवळ फक्त स्टील. चुरा लोळवायला स्टीलची पसरट वाटी किंवा झाकण घ्या. प्लास्टिकचं झाकण गरम मण्याला चिकटतं आणि मणी वाया जातो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा ज्योतीजवळ नको, तापला की त्याचा धूर निघतो आणि तो छातीला वाईट. जुना नॉनस्टिक तवाही नको.

वाटीखाली एक स्टीलचं ताट ठेवा. सांडलेला चुरा ताटातच राहतो, फुकट जात नाही आणि जमिनीवरही पसरत नाही. पण ताटात दोन-तीन रंग एकत्र सांडले तर तो चुरा मूळ डब्यात परत ओतू नका. ‘मिक्स’ नावाचा वेगळा डबा करा. या मिक्स चुऱ्याचे मणी कधी कधी सगळ्यात आधी विकले जातात! फक्त ताटात सांडलेले सगळे रंग एकाच प्रकारच्या काचेचे असावेत.

रोजच्या वापराला सात वाट्यांचा मसाल्याचा डबा उत्तम. सात रंग, वर घट्ट झाकण. मोठा साठा रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवा. ओतायला जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद दुमडून नरसाळं करा, प्रत्येक रंगाला वेगळा कागद. सांडलेलं झाडूने झाडू नका, तोंडाने फुंकर तर अजिबात मारू नका. ओल्या फडक्याने टिपा.

आणि हो, एकदा काचेला लागलेली वस्तू स्वयंपाकघरात परत जाणार नाही. प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशची जाड पट्टी ओढा. घरात सासूबाईंना, मुलांना, कामाच्या मावशींना, सगळ्यांना सांगून ठेवा. गाळणी चुकून चहाला वापरली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

माझी एक महागात पडलेली चूक

सुरुवातीला मी पारदर्शक चुऱ्याच्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत मण्यांची विकतची काच, दुसरीत बाटलीची. दिसायला दोन्ही सारख्या. “लक्षात राहील,” असं म्हणून नाव लिहिलं नाही. 30 जोड्या कानातल्यांची ऑर्डर आली, मी हाताला आली ती बरणी उघडली आणि मण्यांवर चुऱ्याचा जाड थर दिला. मणी भट्टीतून सुरेख निघाले. दुकानात काउंटरवर मांडले आणि तिसऱ्या दिवशी एकेका मण्याला तडे जायला लागले. ऑर्डर गेली, आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

असं का झालं? प्रत्येक काच तापल्यावर वेगवेगळी फुगते आणि थंड होताना वेगवेगळी आकसते. हे मोजायचा आकडा असतो. मण्यांसाठी वापरतात ती मऊ इटालियन काच साधारण 104 ची, बोरोसिलिकेट 33 ची. बाटलीची काच 104 पेक्षा बरीच कमी. दोन काचा एकमेकींना चिकटल्या आणि थंड होताना एक जास्त आकसली, की ताण राहतो. तो ताण त्याच दिवशी दिसेल असं नाही.

क्रोबोचे कारागीर बाटल्या वापरतात, मग त्यांचं कसं चालतं? कारण तिथे सगळा मणीच बाटलीच्या काचेचा असतो. तुम्हीही बाटलीचा चुरा वापरा, पण त्याला 104 च्या मण्यावर चढवू नका.

म्हणून प्रत्येक बरणीवर चार गोष्टी लिहा : रंग, काचेचा आकडा, कुठून घेतली, तारीख. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. बरणीच्या अंगावर लिहा. नवीन चुरा आला की आधी 4-5 मणी करून आठवडाभर ठेवा, मगच ऑर्डरला वापरा.

इथे पैसे खर्च करायचेच

- *मास्क :* बसेल असा एन-95. रुमाल किंवा ओढणी बारीक धूळ अडवत नाही. काही लाल, पिवळ्या काचांच्या रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात. ते छातीत जायला नकोत.
- *गॉगल :* कुटताना साधा सुरक्षेचा, ज्योतीवर डिडिमियमचा. काच तापली की ज्योत पिवळीजर्द होते, तो झगमगाट हा चष्मा कापतो आणि काम नीट दिसतं.
- *हवा :* एक्झॉस्ट पंखा. मात्र चुऱ्याच्या डब्यावर थेट छताच्या पंख्याचा झोत नको.
- *भट्टी :* तापमान धरून ठेवणारी. 104 ची काच साधारण 510 ते 520 अंश सेल्सिअसला काही वेळ ठेवून मग सावकाश थंड करावी लागते. मणी राखेत पुरून थंड करायचा जुगाड शिकताना ठीक, पण विकायच्या मालाला नाही.

हा खर्च ‘नंतर बघू’ या खात्यात टाकू नका. तुमच्या सुरुवातीच्या भांडवलात पहिल्या ओळीत लिहा. खलबत्ता, गाळणी, मसाल्याचा डबा यांत जे वाचलं, ते इकडे वळवा. जुगाडाचा खरा उपयोग तोच आहे.

गृहपाठ

वही घ्या आणि एका पानाचे दोन भाग करा. डावीकडे घरातून घेणार त्या वस्तू, उजवीकडे विकत घेणार त्या. प्रत्येक वस्तूसमोर ते तीन प्रश्न विचारा आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा. उजवीकडच्या वस्तूंचे भाव तुमच्या शहरातल्या दोन दुकानांतून काढा आणि बेरीज करा. ती बेरीज बघून घाबरू नका, पण ती केल्याशिवाय पहिली ऑर्डरही घेऊ नका.

पुढच्या व्हिडिओत याच मण्यांची किंमत कशी लावायची ते बघू. तडकलेला मणी हिशोबात कुठे धरायचा, तेही त्यात येईल. तोवर बरण्यांवर नावं लिहून टाका!