फणसाची फळी का करपते?

प्रश्न: फणसाच्या फळ्यांचं कपाट करतोय. राऊटरच्या स्ट्रेट बिटने खाच पाडताना लाकूड करपतं. बिट बदलू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: आधी धार तपासा. बोथट बिट कापत नाही, घासतं. नवं घ्यायचं तर कार्बाइडचंच घ्या. उद्या साग हाताळाल, त्यातली सिलिका साध्या स्टीलची धार लवकर खाते. मशीनला १/२ इंची कॉलेट असेल तर जाड दांड्याचं बिट निवडा, ते कमी थरथरतं. ९ मिमी खोली एका दमात काढू नका. ३-३ मिमीच्या तीन फेऱ्या करा. हात मध्येच थांबला की लाकूड तिथेच करपतं, आणि माझ्या मते तुमचं दुखणं हेच असावं. बिटला चिकटलेला चीकही साफ करा, पण प्लग काढूनच!