अंगठा देण्याआधी : भाडेकरार तपासण्याची कृती

मीरा रोडच्या शांतीनगरात किंवा भाईंदर पश्चिमेला जागा पसंत पडली की एजंटची घाई सुरू होते. "आज टोकन द्या. अकराच महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे." हे साफ खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हाताशी ठेवा : कराराचा मसुदा, पेन्सिल, कॅल्क्युलेटर आणि एक मोकळी संध्याकाळ.

१. मसुदा आधी, टोकन नंतर. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. इंग्रजी अडत असेल तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. मालक नोंदणी टाळू लागला तर सांगा : नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या माथी येतं.

२. मालक कोण ते पाहा. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीजबिल आणि महापालिकेची मालमत्ता कराची पावती मागा. चारही ठिकाणी नाव जुळायला हवं. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर सह्या दोघांच्या. भाऊ किंवा मुलगा सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र पाहा.

३. शेवटाकडून वाचा. करार खरा लागतो तो घर सोडताना. म्हणून आधी या अटी शोधा :
- लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती महिने? तो दोघांनाही बांधतो की फक्त तुम्हाला?
- नोटीस किती दिवसांची?
- डिपॉझिट कधी परत? 'नंतर' असा शब्द असेल तर खोडून 'चावी परत देताना त्याच वेळी' असं लिहून घ्या.
- रंगकाम, साफसफाईच्या नावाखाली काय कापणार? आकडा लिहा.

मुदत संपूनही जागा अडवली तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं, तेव्हा शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

४. आकडेमोड करा. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के. उदाहरणार्थ, भाडं २०,०००, डिपॉझिट एक लाख, मुदत २४ महिने : भाडं ४,८०,००० अधिक व्याज २०,०००, म्हणजे पाच लाख, शुल्क १,२५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हा खर्च कोण करणार, तेही लिहा.

५. सोसायटीचा हिशेब. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का? भाडेकरू ठेवल्याबद्दल लागणारा बिगर-भोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तो मालकाकडेच राहू द्या. पाण्याला कधी टँकर लागतो का आणि त्याची वर्गणी कोण भरतं, हे वॉचमनला विचारा.

६. इमारतीचं वय विचारा. इथे जुन्या इमारती बऱ्याच. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर इमारत रिकामी करायची वेळ आल्यास किती दिवस आधी सांगणार आणि उरलेलं भाडं, डिपॉझिट कसं परत देणार, याची ओळ घाला.

७. सामानाची यादी जोडा. पंखे, गिझर, कपाटं, नळ मोजा. ओल आणि भेगांचे फोटो काढून मालकाला पाठवा. वीजमीटरचं रीडिंग टिपा, मागचं बिल थकलेलं नाही ना ते पाहा.

८. मगच अंगठा द्या. ऑनलाइन नोंदणीसाठी माणूस मशीन घेऊन घरी येतो आणि दोन मिनिटांत अंगठा घेतो. त्याआधी स्क्रीनवरचा करार तुमच्या पेन्सिलच्या खुणा केलेल्या मसुद्याशी ताडून पाहा. भाडं, डिपॉझिट, तारखा आणि खोडून बदललेली प्रत्येक ओळ. डिपॉझिट रोख नको, बँकेतून द्या.

नोंदणी झाल्यावर क्रमांक असलेली प्रत घ्या आणि मालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पोचही मागून घ्या. दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवा. मग खुशाल टेम्पो बोलवा.