परसांतील दुरुस्तीघर

रोपें एकवीस दिवसांचीं झालीं, पाऊस मनासारखा पडला, चिखलणीस हात घातला, आणि नेमका त्याच दिवशीं पॉवर टिलरच्या पात्याचा बोल्ट तुटला, हा प्रसंग पालघर व बोईसर-तारापूर भागांतील भातशेतकऱ्यांस नवा नाहीं. बोल्टाची किंमत अगदींच क्षुल्लक. परंतु तुटलेला तुकडा भोकांतून काढण्याचें साधन घरीं नसतें. मग यंत्र टेंपोंत घालून बोईसरास न्यावयाचें, आणि कारागिराच्या दारीं आपल्यासारख्याच दहाजणांची रांग पाहून हात हालवीत परत यावयाचें. तोंवर बोलाविलेल्या गड्यांची मजुरी वायां जाते. भाताचें रोप साधारणतः २१ ते २५ दिवसांचें असतां लावलें म्हणजे त्यास फुटवे चांगले येतात. आवणी लांबली कीं फुटवे कमी होतात व त्या मानानें पीकही घटतें. म्हणजे खरें नुकसान बोल्टाचें नसून दिवसांचें असतें. हे दिवस वांचविण्यासाठीं प्रत्येक बागायतदारानें व भातशेतकऱ्यानें आपल्या परसांत एक लहानसें दुरुस्तीघर उभारावें, असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दुरुस्तीघर म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पक्क्या भिंती, विजेचीं यंत्रें आणि कर्जाचा अर्ज उभा राहतो. तसें कांहींही नको. कोरडी जमीन, घट्ट बांधलेलें छप्पर आणि मजबूत मेजावर बसविलेला वाइस, या तीन गोष्टींवर पैसा खर्च करावा. बाकी सर्व हळूहळू, गरजेप्रमाणें जमवावें. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींच्या लहानशा दुकानापासून आरंभ केला; पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करीत करीत १९१० सालीं ते कुंडलच्या माळावर गेले व किर्लोस्करवाडी वसली. आपणांस नांगर विकावयाचे नाहींत, फक्त आपले नीट ठेवावयाचे आहेत. तेव्हां आपला आरंभ त्याहून लहान असला तरी चालेल.

जागा

दुरुस्तीघर राहत्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण भिंतीस लागून नसावें. भाताच्या पेंढ्याचा ढीग व गुरांचा गोठा यांपासून निदान ३० फूट दूर असावें, कारण येथें ठिणग्या उडणार आहेत. विहिरीजवळ बांधूं नये. सांडलेलें तेल जमिनींत मुरून पाण्यांत उतरतें. जागा उंचवट्याची, आणि टिलर सरळ आंत नेतां येईल अशी पाहावी.

शेतजमिनीवर अवजारें ठेवण्यासाठीं उभारलेली इमारत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणें शेतीच्या इमारतींत मोडते. तथापि समुद्रकिनाऱ्यालगत किनारा नियमनाचे वेगळे निर्बंध असल्यामुळें ग्रामपंचायतींत व महसूल कचेरींत आधीं विचारून घेणें शहाणपणाचें. पैसे घेऊन दुसऱ्यांचीं यंत्रें दुरुस्त करूं लागल्यास तो धंदा झाला. ही सवलत त्यास लागू आहे असें समजूं नये.

आकार व जोतें

लांबी १२ फूट व रुंदी ९ फूट एवढी जागा एका कुटुंबास पुरते. रुंदी ९ फूट धरण्याचें कारण असें कीं, १२ फुटी पत्रा मग न कापतां बसतो. लांब बाजू उत्तर-दक्षिण धरावी. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो, म्हणून छपराची ठेंगणी बाजू पश्चिमेस आणि दार पूर्वेस ठेवावें. सकाळचा उजेडही त्यामुळें थेट कामावर पडतो.

जोतें जमिनीपासून दीड फूट उंच घ्यावें. कडेला दगड रचून आंत मुरूम थराथरानें पाणी मारून चोपावा. त्यावर एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू व सहा भाग खडी या प्रमाणाचा ३ इंच जाडीचा थर द्यावा. वर सांगितलेल्या मापास चार गोण्या सिमेंट पुरतें. थर टाकतांना दाराकडे किंचित् उतार ठेवावा व सात दिवस तो ओला ठेवावा. हा खर्च टाळून नुसती सारवलेली जमीन ठेवण्याचा मोह होतो. परंतु चार महिने ओल चढणाऱ्या या मुलखांत सारवलेल्या जमिनीवर लोखंड टिकत नाहीं, व तेलाच्या चिखलांत पडलेली चकती सांपडत नाहीं.

खांब व छप्पर

पश्चिमेस तीन व पूर्वेस तीन असे सहा खांब पुरेत. पश्चिमेकडील खांब जोत्यावर ७ फूट व पूर्वेकडील सव्वानऊ फूट ठेवावे. म्हणजे पत्र्यास दर चार फुटांस एक फूट या मानानें उतार मिळतो. जुन्या घराचे सागाचे किंवा ऐनाचे खांब मिळाल्यास उत्तम. आपल्या बांधावरचा असला तरी साग, ऐन किंवा खैर परवानगीवांचून तोडूं नये. महाराष्ट्रांत १९६४ च्या कायद्यानें त्यास बंदी आहे. बांबू वापरणें झाल्यास तो पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडावा व दोन-तीन आठवडे पाण्यांत बुडवून मग सावलींत वाळवावा. त्यांतील गोडवा पाण्यांत उतरल्यामुळें भुंगा कमी लागतो. लाकडाचा किंवा बांबूचा पाय थेट मातींत पुरूं नये. सिमेंटच्या ठोकळ्यांत लोखंडी पट्ट्या रोवून त्यांस खांब बोल्टांनीं आवळावा.

सहा पत्रे लागतात. दोन पन्हळींचा जोड देऊन बसविले म्हणजे १२ फूट लांबी झांकून दोन्ही टोकांस एकेक फूट पत्रा बाहेर राहतो. पश्चिमेस सव्वा फूट व पूर्वेस दीड फूट पागोळी सुटते. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतच तयार होतात. खाऱ्या वाऱ्यांत साधा पत्रा फार दिवस टिकत नाहीं, म्हणून येथें काटकसर करूं नये. पत्रे खिळ्यांनीं न ठोकतां आंकडीच्या बोल्टांनीं, खालीं रबराची चकती घालून, आवळावे; आणि आडव्या वाशांस खांबांशीं लोखंडी पट्टीनें जखडावें. मे २०२१ मधील तौक्ते वादळांत या किनाऱ्यावर अनेकांचीं छपरें उडालीं, हें विसरून चालणार नाहीं.

भिंती

भिंतींवर पैसा घालूं नये. आपल्या भागांतील वारली कुटुंबें पिढ्यान् पिढ्या कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनें लिंपलेल्या भिंती बांधीत आलीं आहेत. असा कूड हलका, स्वस्त व घरच्या घरीं दुरुस्त होणारा असतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागांत भूकंपाचे धक्के वारंवार बसूं लागले व अनेक घरांच्या भिंतींस तडे गेले. कच्च्या विटांची जड भिंत अशा वेळीं अंगावर येते, कूड येत नाहीं. पश्चिमेची बाजू पूर्ण कुडानें झांकावी. बाकीच्या तीन बाजूंस ४ फुटांपर्यंत कूड करून वर बांबूची जाळी ठेवावी, म्हणजे धूर बाहेर जाईल. मात्र जोडकाम जेथें करावयाचें त्या कोपऱ्यांत कुडाच्या आंतून जुना पत्रा उभा करावा.

मेज व वाइस

मेज ६ फूट लांब व २ फूट रुंद पुरे. पाय जाड असावे व जमिनीस जखडावे. हालणाऱ्या मेजावर केलेलें काम कधीं सरळ होत नाहीं. ४ इंची जबड्याचा वाइस मेजाच्या मधोमध न बसवितां एका पायाच्या बरोबर वर बसवावा, म्हणजे हातोड्याचा घाव सरळ जमिनींत उतरतो. उभें राहून हात कोपरांत वांकविला असतां वाइसचा माथा कोपराच्या पातळीस यावा. याहून ठेंगणा असल्यास कंबर दुखते. जुना वाइस घेतांना जबडे मिटवून उजेडाकडे धरावे. मधून सारखी फट दिसली तर चालेल, तिरपी दिसली तर परत ठेवावा.

हत्यारें

आरंभीं एक मध्यम हातोडा, पान्यांचा संच, पक्कड, हॅकसॉ, दोन कानशी, छिन्नी व हातानें फिरविण्याचें गिरमिट एवढीं हत्यारें पुरेत. त्यापुढें असा नियम ठेवावा कीं, जें हत्यार वर्षांत तिसऱ्यांदा शेजाऱ्याकडून मागून आणावें लागलें, तेंच विकत घ्यावें. या नियमानें निकामी खरेदी आपोआप टळते.

एक चूक येथें कबूल केली पाहिजे. प्रस्तुत लेखकानें पहिल्या वर्षीं जागा मोकळी दिसली म्हणून खताच्या गोण्या दुरुस्तीघरांत रचून ठेविल्या. खत हवेंतील ओल शोषून घेतें व खारट पाणी सोडतें. गणपतींच्या सुमारास पाहतों तों पाने एकमेकांस चिकटलेले आणि वाइसचा स्क्रू जाग्यावर अडकलेला! तेव्हांपासून खत व लोखंड एका छपराखालीं ठेवावयाचें नाहीं, हा घरचा कायदा झाला आहे. हत्यारें काम झाल्यावर पुसून, तेलाचा बोळा फिरवून, झांकणाच्या लांकडी पेटींत ठेवावीं.

वीज व जोडकाम

शेतीपंपासाठीं दिलेल्या जोडणीवरून जोडकामाचें यंत्र चालवूं नये. वीज कायदा, २००३ प्रमाणें तो अनधिकृत वापर ठरतो, व दंड सोसावा लागतो. घरच्या जोडणीवर हें यंत्र चालेल कीं नाहीं हें परवानाधारक तारतंत्र्यास दाखवून घ्यावें. जमिनीशीं जोडणारी तार व गळती होतांच वीज तोडणारी कळ यांवांचून यंत्र सुरूच करूं नये. ओल्या जमिनीवर व ओल्या कपड्यांनीं जोडकाम करूं नये. जस्ती पत्र्यावर जोडकाम केल्यास निघणाऱ्या धुरानें रात्रीं थंडी भरून ताप येतो. तेथील जस्त आधीं घासून काढावें.

भंगाराचा माल

तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें व पुढें बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. तिच्या आसऱ्यानें वाढलेल्या भंगाराच्या वखारींत कोनी लोखंड, नळ्या, पट्ट्या व फळ्या तोलावर मिळतात. काटकसर करणाऱ्यास ही मोठीच सोय आहे. परंतु दोन गोष्टींस स्पर्श करूं नये. पहिली, रसायनांचीं रिकामीं पिंपें. पिंप रिकामें दिसलें तरी आंत वाफ राहते; तें कापावयास गेल्यास स्फोट होऊन माणूस जागच्या जागीं जातो. पाणी किंवा भात सांठविण्यासही असें पिंप घेऊं नये. दुसरी, रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ऐरणीस तो फार चांगला, पण पावतीवांचून घेतल्यास चोरीचा माल बाळगल्याचा आरोप येतो. पावती मिळत नसेल तर जुन्या गाडीच्या धुरेच्या जाड तुकड्यावर काम भागवावें.

खर्चाचा क्रम

पहिल्या वर्षीं जोतें, खांब व पत्रे. दुसऱ्या वर्षीं कूड, मेज व वाइस. जोडकामाचें यंत्र सर्वांत शेवटीं, आणि तेंही शिकलेला हात घरीं असेल तरच. यासाठीं जमीन गहाण ठेवूं नये. जें घर दिवस वांचविण्यासाठीं उभारावयाचें, त्यानेंच व्याजाचे दिवस मोजावयास लावले, तर तो व्यवहार उलटा झाला.

शिकलेल्या हाताविषयीं शेवटीं दोन शब्द. आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलगे तारापूरच्या कारखान्यांत फिटर, टर्नर किंवा वेल्डर म्हणून जातात व सुट्टीच्या दिवशीं घरीं असतात. त्यांचें कसब कारखान्याच्या फाटकाशींच थांबतें, कारण घरीं त्यास जागा नसते. ९ फूट रुंदीचें एक छप्पर उभें केलें तर तें कसब शेतीच्या कामीं येईल; आणि बापाला टिलर खोलतां येतो व मुलाला तो जोडतां येतो, असें घर मृगांत कोणाच्या दारीं रांगेत उभें राहणार नाहीं. यंदा दिवाळीनंतर भात झोडून झालें कीं जोत्याचे दगड आणून टाकावे, आणि पुढील पावसाळ्याचा अनुभव आपल्या मासिकास अवश्य कळवावा.